चाळीस मुलं आणि एक अर्ज

आपल्या समाजात शिक्षणावर भाषणं कमी होत नाहीत. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शन शिबिरं भरतात. माझा सवाल त्या मुलांबद्दल आहे, जी त्या स्टेजपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची गळती आठवीत सुरू होत नाही, ती तिसऱ्या वर्षीच सुरू होते.

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर किंवा अंधेरीच्या वस्त्यांत आईबापांचं प्रेम कमी नसतं. वेळ आणि जागा कमी असते. बाप रिक्षावर, आई घरात शिलाईच्या कामावर. मूल दिवसभर मोबाइलपुढे. समोरच्या टॉवरमधलं मूल तेव्हा नर्सरीत गोष्टी ऐकतं. पहिलीत दोघं भेटले की आपल्या मुलाला ‘डोकं नाही’ असा शिक्का बसतो.

सरकारला हे कळत नाही, असं नाही. २०२०चं शैक्षणिक धोरण तिसऱ्या वर्षापासून शिक्षण धरतं. पण मूलभूत हक्क ६ ते १४ वयालाच. सहाच्या आतल्यांसाठी घटनेच्या ४५व्या कलमात राज्य फक्त ‘प्रयत्न’ करणार! आणि ज्या सेविकांवर हा सगळा भार, त्यांना पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३मध्ये त्या संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूनं बोलले?

आपणही अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणून नाक मुरडतो आणि उसने पैसे काढून इंग्रजी पाटीच्या नर्सरीची फी भरतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, ते गरिबाच्या मुलासाठीच. शाळा मुलाच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी.

१३ डिसेंबर २००६ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला : वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. झोपडपट्टीही त्यात आली. मग अर्ज कोण करणार?

जमातच्या जबाबदार मंडळींना माझं सांगणं आहे : गल्लीतली मुलं मोजा, आयांच्या सह्या घ्या, अर्ज द्या, पोच मागा. जागा नाही म्हणतील, तर सकाळी रिकामा असणारा जमातखाना द्या. तिथं प्रत्येक धर्माचं मूल येऊ द्या. सेविका मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलेल, हेही बघा.

सत्कार पुढच्या वर्षीही करता येईल. तीन वर्षांचं मूल मात्र पुढच्या वर्षी चारचं झालेलं असेल.