व्यवसाय कर आम्हीही भरतो, मग हमी कुठे आहे?

माझ्या मामेभावाला गेल्या वर्षी अंधेरीत एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. पहिल्या पगाराची स्लिप त्याने मला मोबाइलवर दाखवली. पीएफ कशाचा कापतात ते त्याला ठाऊक होतं. त्याखालचे ‘प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये’ कशाचे, हे मात्र त्याच्या टीममध्ये कुणालाच सांगता येईना. फेब्रुवारीत 300 कापले जातात, म्हणजे वर्षाचे 2,500.

हा व्यवसाय कर महाराष्ट्रात 1975 साली आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. त्याआधी वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ही कल्पना करून पाहिली होती. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. गावातल्या ज्या प्रौढाला अंगमेहनतीचं काम हवं आहे त्याने मागावं, सरकारने 15 दिवसांत द्यावं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यावा. पैशाची सोयही सरळ होती. शहरातल्या कमावत्या माणसाने कर भरायचा आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची. 2005 मध्ये केंद्राने देशासाठी जो रोजगार हमी कायदा केला, तो याच अनुभवावर उभा राहिला. तोही फक्त ग्रामीण भागासाठी.

गावच्या मजुराला मिळालेल्या या हक्काबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचं मूळ गाव त्यावर तगलं. प्रश्न शहराचा आहे. 1970 च्या दशकात सरकारने धरून चाललं होतं की शहरात काम असतंच, कारण तेव्हा मुंबईत गिरण्या होत्या. पुढे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि त्यातले बहुतेक पुन्हा पक्क्या नोकरीत परतले नाहीत. नऊ वर्षांनी, 24 जुलै 1991 ला, नवं औद्योगिक धोरण आलं आणि बाजार खुला झाला. शहरातल्या पक्क्या नोकरीचा आधार आणखी ढिला झाला. ‘शहरात काम असतंच’ हे गृहीतक मात्र कुणी तपासून पाहिलं नाही.

तेव्हा एक तरतूद झाली होती. 1992 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. बदलत्या अर्थव्यवस्थेत ज्यांचं काम जाईल त्यांना नवं प्रशिक्षण आणि नवं काम द्यायचं, हा हेतू होता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. पोलंडने 1990 मध्ये बाजार खुला करताना बेकारभत्ता आणि रोजगार कार्यालयांची घडी बसवायला घेतली. तिथेही लोकांचे हाल झालेच, पण काम गेलेला माणूस निदान सरकारच्या नोंदीत होता. आपल्याकडे आर्थिक धोरण एका दिवसात बदललं. स्वतंत्र राष्ट्रीय रोजगार धोरण पुढच्या तीस वर्षांत लागू झालं नाही.

याचा अर्थ मला आमच्या घरात कळला. अब्बा भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. बावीस वर्षं काम केलं. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीचं कार्ड नाही. एका सोमवारी गाळ्याला कुलूप दिसलं. मालकाने महिन्याचा पगार हातावर ठेवला आणि विषय संपला. कुठल्याही सरकारी कागदावर अब्बांची नोकरी गेली नाही, कारण कागदावर ती कधी नव्हतीच.

मिरा-भाईंदर 1991 मध्ये पावणेदोन लाखांचं गाव होतं. 2011 च्या जनगणनेत ते आठ लाखांच्या पुढे गेलं. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक आले, 1992-93 च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आले. इमारती उभ्या राहिल्या, त्या प्रमाणात पक्की कामं आली नाहीत. आपलं शहर बातम्यांत येतं ते जानेवारी 2024 मधल्या नया नगरच्या तणावासाठी किंवा जुलै 2025 मधल्या भाषेच्या मोर्चांसाठी. सकाळी नाक्यावर उभं राहून दहा वाजता रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची बातमी होत नाही. त्यांत सगळ्या भाषांची आणि सगळ्या धर्मांची माणसं असतात.

मग हा आपला वेगळा प्रश्न कसा? महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान शहरांत राहतात. 2006 च्या सच्चर समितीने दाखवलं की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात आणि घरबसल्या कामात जास्त आहेत, पक्क्या पगाराच्या नोकरीत कमी. म्हणजे फक्त गावापुरती हमी कुणाचं नाव न घेताही आपल्यातल्या बहुतेकांना बाहेर ठेवते. 2014 मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते चालू ठेवलं, नोकऱ्यांत थांबवलं आणि मग अध्यादेशच संपला. ती मागणी रास्त आहे. पण ती सरकारी नोकरीतल्या वाट्याची मागणी आहे. नाक्यावरच्या, गाळ्यातल्या, बाइकवर पार्सल पोचवणाऱ्या पोराला त्यातून काय मिळणार?

थोडं आपल्याबद्दलही बोलू. ‘आपली पोरं बसून राहत नाहीत, काही ना काही करतातच,’ असं मोहल्ल्यात अभिमानाने म्हटलं जातं. हुनर आहे, खरं आहे. पण ‘काही ना काही’ म्हणजे रोजगार नव्हे. घरी बसून नगावर मणी ओवणाऱ्या आपाला दिवसाचे किती सुटतात, हे आपण तरी कधी विचारलं? आपणच याला बेकारी म्हणत नाही, तर सरकार कशाला म्हणेल?

शहरात हमी देता येते. केरळमध्ये 2010 पासून अय्यंकाळी नागरी रोजगार हमी योजना आहे. राजस्थानने 2022 मध्ये शहरी कुटुंबांना वर्षात 100 दिवसांचं काम देण्याची योजना सुरू केली. शिकलेली पोरं खड्डे खणतील का, असं विचारलं जातं. खणायलाच हवं असं कुठे आहे? पावसाआधीची नालेसफाई, खाडीकाठची कांदळवनं, अभ्यासिका, पाळणाघरं, दवाखान्यातल्या नोंदी, ही सगळी कामं आपल्या शहरात पडून आहेत. अशाने शहरात आणखी लोंढे येतील, हाही आक्षेप असतो. गावात हमी नीट चालली तर गरजेपोटी गाव सोडणारे कमी होतील. दोन्हीकडे हमी हवी, ती यासाठीच. पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच मला त्या 200 रुपयांपासून सुरुवात करावीशी वाटते. व्यवसाय करातून आणि सरकारच्या भरणीतून शहरांसाठी ठराविक वाटा कायद्याने ठरवा, गावचा न कापता, ही मागणी आपण राज्याकडे करू शकतो.

तोवर हाताशी असलेलं तरी सोडू नये. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दरवर्षी एवढ्या इमारती उठवणाऱ्या शहरात हा दाखला न मिळाल्याने माणूस नोंदणीबाहेर राहावा, हे लाजिरवाणं आहे. आपल्या इमारतीतल्या, गल्लीतल्या दहा कामगारांची यादी करा, त्यांच्याबरोबर प्रभाग कार्यालयात जा. यादीत मुसलमानच हवेत असं नाही, किंबहुना नसावेतच. हिंदीभाषक सुतार आणि कोकणातला रंगारी एकाच अर्जावर सही करतील, तेव्हा त्या अर्जाकडे दुर्लक्ष करणं कुठल्याही नगरसेवकाला जड जाईल.

आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर गटाराच्या झाकणाबरोबर हेही विचारा: काम मागितलं तर 15 दिवसांत द्याल का? गावातल्या माणसाला हे विचारायचा हक्क 1979 पासून आहे. त्याचा खर्च उचलणाऱ्या शहरातल्या माणसाने तो मागितला, तर ती काही मेहरबानी होणार नाही.