तापलेला समुद्र आणि किनाऱ्यावरील शेती

कोकणातील शेतकरी आकाशाकडे पाहून शेतीचे दिवस ठरवीत आला आहे. ढग, वारा आणि वीज यांची भाषा त्यास पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. परंतु ज्या समुद्राच्या काठी त्याची वाडी उभी आहे, त्या समुद्राचे पाणी किती तापले आहे, याचा विचार शेतीच्या संदर्भात फारसा होत नाही. तो होणे आता अगत्याचे आहे.

चक्रीवादळाचे बळ समुद्राच्या उष्णतेत असते. पाण्याचा पृष्ठभाग सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापला आणि ती ऊब बरीच खोलवर पोचली, म्हणजे वादळास पोषण मिळते. चुलीवरच्या भांड्यातून निघावी तशी समुद्रातून वाफ वर जाते. उंचावर तिचे पुन्हा पाणी होते आणि तिच्यात साठलेली उष्णता हवेत मोकळी होते. हवा आणखी वर चढते, खालचा दाब उतरतो आणि चोहोबाजूंचा वारा तिकडे धाव घेतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यास चक्राकार गती मिळते. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात यासच टायफून म्हणतात. नाव निराळे, कारण एकच.

अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. तो भरवसा आता उरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे तापणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

वादळ दूर आहे म्हणून निश्चिंत राहणेही चुकीचे आहे. वारा जितका वेगवान, जितका वेळ टिकणारा आणि जितक्या लांब पाण्यावरून वाहणारा, तितक्या लाटा मोठ्या होतात. आणि त्या वादळापासून शेकडो मैल दूर जातात. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ वादळ भारताच्या किनाऱ्यावर आलेच नाही. तरीही दिवाळीच्या अमावास्येच्या भरतीस त्याच्या लाटांची जोड मिळून कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी आत घुसले, आणि त्या सुमाराच्या पावसाने कापणीस आलेल्या भाताची नासाडी झाली. उलट ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. भाताचे पीक गेले तर एक हंगाम जातो; पोफळीची बाग गेली तर नव्या झाडास फळ धरेपर्यंत अनेक वर्षे जातात. नुकसानभरपाई आवश्यकच आहे, पण ती गेलेली वर्षे परत देऊ शकत नाही. ‘वादळ कोणाच्या हातचे नाही’ हे म्हणणे खरे असले तरी बांध, उघाडी आणि धान्याची साठवण ही माणसाच्या हातची आहेत. वादळानंतरच्या पंचनाम्यास जितके महत्त्व दिले जाते, तितकेच वादळापूर्वीच्या पाहणीस दिले पाहिजे.

ही पाहणी केव्हा करावी, हे समुद्रच सांगतो. भर पावसाळ्यात वरच्या व खालच्या थरांतील वारे परस्परविरुद्ध वाहतात, म्हणून वादळाची घडी सहसा बसत नाही. धोक्याचे काळ दोन: पावसापूर्वीचे एप्रिल अखेरपासून जूनपर्यंतचे दिवस आणि पावसानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणून वर्षातून दोनदा, म्हणजे एप्रिलच्या आरंभी व सप्टेंबरच्या अखेरीस, गावाने एकत्र येऊन खार जमिनीचे बांध व उघाड्या तपासाव्यात आणि भगदाडे बुजवावीत. वाडीतील वाळकी झावळे व मोडकी झाडे काढावीत. वादळाचा इशारा मिळताच कापलेले भात शेतात पडू न देता कोरड्या जागी आणावे. खाडीकाठची कांदळवने लाटांचा जोर मोडतात. सरपणासाठी त्यांवर कुऱ्हाड चालविणे म्हणजे आपलाच बांध फोडणे होय. खारे पाणी शिरलेच, तर पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून पुनःपुन्हा बाहेर सोडावे व पनवेल-३ सारखे क्षार सोसणारे भात घ्यावे.

भारतीय हवामान विभाग वादळाचा, तर हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचा इशारा देते. तो शेवटच्या घरापर्यंत त्याच दिवशी पोचविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. बियाणे व खते वेळेवर पोचविण्याइतकेच ते महत्त्वाचे मानले जावे. समुद्र तापत राहणार, हे गृहीत धरूनच किनाऱ्यावरील शेतीची आखणी यापुढे केली पाहिजे.