रिझर्व्ह बँकेलाही तोच नियम लावा!



आपली बँक बंद पडली की तिला जाब विचारायला रिझर्व्ह बँक आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिने एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डे देण्यास आणि नव्या डिजिटल सेवा सुरू करण्यास मनाई केली, कारण त्या बँकेच्या सेवा वारंवार ठप्प होत होत्या. निर्बंध पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास बंदी झाली. या दोन्ही कारवाया योग्यच होत्या. आमचा सवाल त्यापुढचा आहे. उद्या रिझर्व्ह बँकेचीच यंत्रणा कोलमडली, तर तिला जाब कोण विचारणार?

हा सवाल हवेतला नाही. आरटीजीएस आणि एनईएफटी या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या दोन्ही यंत्रणा रिझर्व्ह बँक स्वतः चालवते. त्यांना थेट जोडलेल्या प्रत्येक बँकेचे एक खाते रिझर्व्ह बँकेत असते. तुम्ही फ्लॅटची उरलेली रक्कम आरटीजीएसने पाठवता, तेव्हा तुमच्या बँकेच्या त्या खात्यातून पैसे वजा होतात आणि बिल्डरच्या बँकेच्या खात्यात जमा होतात. यूपीआयवरून चहाचे दहा रुपये दिले, तरी बँकाबँकांमधला त्याचा हिशेब शेवटी आरटीजीएसमध्येच मिटतो. एक बँक बंद पडली तर दुसऱ्या बँकेचे खाते वापरता येते. रिझर्व्ह बँकेला पर्याय नाही.

अशी यंत्रणा बंद पडते तेव्हा काय होते, हे लंडनने पाहिले आहे. २० ऑक्टोबर २०१४, सोमवार. तिथल्या मध्यवर्ती बँकेची, बँक ऑफ इंग्लंडची, यंत्रणा पहाटे सहाला सुरू व्हायची, ती झालीच नाही. दुपार उलटेपर्यंत ती बंद होती. तिथे घराचा सौदा पूर्ण होतो तो याच मार्गाने पैसे पोहोचल्यावर. घर घेणारे किल्ल्यांची वाट पाहत बसले आणि वकिलांचे फोन खणखणत राहिले. आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसलेल्या आणि 'यूटीआर नंबर आला का?' असे दहा वेळा विचारणाऱ्या माणसाला ही घालमेल समजावून सांगावी लागणार नाही. अखेर कामाची वेळ रात्री आठपर्यंत वाढवून त्या दिवशीचे सुमारे २८९ अब्ज पौंडांचे व्यवहार कसेबसे पूर्ण केले गेले.

कारण काय निघाले? हल्ला नाही, चोरी नाही. एका सदस्य बँकेच्या नोंदीत बदल करण्याचे नेहमीचे काम होते. आधीच्या सुधारणांच्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये शिरलेले दोष तोवर झोपलेले होते, ते या कामाने जागे झाले. यंत्रणा १९९६ पासूनची. तिच्यावर एकामागून एक थर चढत गेले आणि ते एकमेकांशी कसे वागतील याची पुरेशी चाचणी झाली नव्हती. अशा वेळेसाठीच उभारलेली पर्यायी व्यवस्थाही त्या दिवशी वापरली गेली नाही. ऐन अडचणीत जिच्यावर भिस्त ठेवायचा धीर होत नाही, तिला पर्यायी व्यवस्था का म्हणायचे?

पण पुढचे ऐका. तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी बाहेरच्या संस्थेकडून, डेलॉइटकडून, चौकशी करवली. संसदेच्या समितीने त्यांच्याकडे खुलासा मागितला. आणि मार्च २०१५ मध्ये बँकेच्या त्रुटींवर बोट ठेवणारा तो अहवाल जनतेसमोर आला. युरोपातही तेच घडले. २३ ऑक्टोबर २०२० रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेची टार्गेट-२ यंत्रणा सुमारे दहा तास ठप्प झाली. बाहेरून घेतलेल्या एका नेटवर्क उपकरणातल्या सॉफ्टवेअरचा तो दोष होता. तिथेही बाहेरून चौकशी झाली आणि पुढच्या वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे अशी चौकशी व्हायलाच हवी असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा उघडा. चौथे कलम सांगते की रिझर्व्ह बँकेखेरीज कोणालाही तिच्या परवानगीशिवाय पेमेंट यंत्रणा चालवता येणार नाही. म्हणजे परवाना देणारी तीच, तपासणारी तीच आणि चालवणारीही तीच. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने पेमेंटसाठी स्वतंत्र नियामक मंडळ सुचवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जाहीर विरोधपत्र काढले. २०२५ मध्ये पेमेंटसाठी नवे नियामक मंडळ आले. सहा सदस्यांपैकी तीन केंद्राचे, अध्यक्ष मात्र गव्हर्नरच!

ग्राहकाचे काय? यूपीआयचे पैसे अडकले आणि ठरल्या मुदतीत परत आले नाहीत, तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे, तेही ग्राहकाने तक्रार न करता, असा नियम रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१९ मध्ये केला. एनईएफटी जमा करायला बँकेने उशीर केला तर रेपो दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. चांगले नियम आहेत. पण ते बँकांसाठी आहेत. लोकपालाकडे तक्रार होते तीही बँका आणि वित्तसंस्थांची. खुद्द रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेमुळे साठेखताची मुदत हुकली किंवा कांद्याचे पैसे अडकले, तर ग्राहकाने कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे?

'अहवाल छापला तर चोरांना वाट सापडेल' असे सांगितले जाईल. लंडनने छापला आणि त्याने तिथली बँक बुडाली नाही. 'आमची यंत्रणा क्वचितच बंद पडते' असेही सांगितले जाईल. लंडनची यंत्रणा अठरा वर्षे चालली आणि मगच त्या सोमवारी बंद पडली. शिवाय आपली जोखीम वाढली आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. ही सोय आम्हाला हवीच आहे. पण पूर्वी रात्री यंत्रणा बंद असे, बदल करून तपासायला वेळ मिळे. आता प्रत्येक बदल चालत्या यंत्रणेवर करायचा, नाहीतर आगाऊ सांगून ती बंद ठेवायची. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत आरटीजीएस तशी जाहीर करून बंद ठेवली होती. तो रीतसर मार्ग होता. न सांगता ती बंद पडली तर काय, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये बजावले आहे की माहितीच्या अधिकारात मागितलेली माहिती रिझर्व्ह बँकेला दडपता येणार नाही. तरीही एकेका नागरिकाने अर्ज करून खुलासा उकरून काढावा, ही रीत नव्हे. तो आपणहून आला पाहिजे. आरटीजीएस किंवा एनईएफटी ठरावीक वेळेपेक्षा जास्त बंद राहिली, तर बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी व्हावी, तीन महिन्यांत अहवाल संसदेत मांडला जावा आणि तो मराठीसह सर्व भाषांत मिळावा. बँकांना लावलेला भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने स्वतःलाही लावून घ्यावा. पर्यायी व्यवस्थेवर खऱ्या व्यवहारांसह वर्षातून किती वेळा काम चालवले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि हे सारे गव्हर्नरांच्या मर्जीवर न सोडता २००७ च्या कायद्यात लिहिले जावे.

रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय मुंबईत, आपल्या दारात आहे. कायदा मात्र दिल्लीत बदलतो. म्हणून आपल्या खासदाराला या आठवड्यात पत्र लिहा. पतसंस्थेच्या सभेत, बाजार समितीत, सोसायटीच्या बैठकीत हे पत्रक वाचा आणि ठराव करून तो संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीकडे पाठवा. खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा: चौथ्या कलमातली ती सूट तुम्ही उत्तरदायित्वाला बांधणार की नाही? उत्तर लेखी मागा.