यंत्र वर्गांत आलें. आतां प्रयोग कोणीं करावा?

आमच्या नगरांतील बहुतेक शाळांची माहिती-पत्रिका उघडली म्हणजे प्रारंभींच भिंतीवरच्या झळकत्या पडद्याचें चित्र दृष्टीस पडतें. पालकहि प्रवेशाच्या वेळीं आवर्जून विचारतात, "आपल्याकडे डिजिटल फळा आहे ना?" 'आहे' असें उत्तर मिळालें म्हणजे त्यांचें समाधान होतें. परंतु त्या फळ्यावर कोण काय शिकवितो, त्यामुळें मुलांस अधिक कळूं लागलें कीं काय, आणि तसें कळलें हें शिक्षकांस कशावरून समजलें, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत याच तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, यंत्र शाळेंत आणणें हें चालकांचें काम असलें, तरी तें वर्गांत रुजविणें हें शिक्षकाचेंच काम होय. आणि तें हुकुमानें किंवा एका दिवसाच्या शिबिरानें होत नाहीं. शिक्षकानें स्वतःच्या वर्गांत स्वतः प्रयोग करून पाहिला तरच होतें. या रीतीस शिक्षणशास्त्रांत 'कृतिसंशोधन' असें नांव आहे.

यंत्रांविषयीं मोठमोठ्या आशा बाळगण्याची ही कांहीं पहिलीच वेळ नव्हे. थॉमस एडिसन यांनीं १९१३ सालीं असें भाकीत केलें होतें कीं, चलच्चित्रांमुळें शाळांतून पुस्तकें लवकरच नाहींशीं होतील. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, चित्रपट घरोघरीं पोंचला. पुस्तकें मात्र अद्याप दप्तरांत आहेत. पुढें आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आले, दूरचित्रवाणी आली. १९८४ सालीं केंद्र सरकारच्या 'क्लास' नामक योजनेंतून निवडक शाळांत संगणक आले. प्रत्येक नव्या यंत्राचें थाटानें स्वागत झालें, आणि पुष्कळ ठिकाणीं कांहीं दिवसांनीं त्या खोलीस कुलूप लागलें. यंत्र बिघडेल या भीतीनें तें झांकून ठेवण्यांत आलें, आणि झांकून ठेविल्यामुळेंच तें बिघडलें! युनेस्कोनें २०२३ सालीं शिक्षणांतील तंत्रज्ञानाविषयीं जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतहि असें म्हटलें आहे कीं, या साधनांमुळें शिक्षणांत नेमकी किती भर पडते याविषयीं भक्कम व निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे. सारांश, यंत्रें पुष्कळ झालीं, पण त्यांची परीक्षा झाली नाहीं.

यावर कांहीं लोक म्हणतात कीं, दोष शिक्षकांचा आहे; ते जुन्या वळणाचे, त्यांस नवें कांहीं नको असतें. हा आरोप आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां ज्यांचा सारा जन्म खडू-फळ्यांत गेला होता अशा असंख्य गुरुजींनीं व बाईंनीं मोबाईलवरून पाठ घेण्यास आरंभ केला. गरज दिसली तेव्हां ते शिकले. मग शाळा पुन्हां उघडल्यावर त्यांतील पुष्कळजण खडूकडे कां वळले? कारण यंत्र कशासाठीं वापरावयाचें, हें त्यांस कोणीं विचारलेंच नाहीं. शिबिरांत कळ कोणती दाबावी हें सांगतात. परंतु मागच्या बाकांवरील मुलांस अपूर्णांक अजून कळत नाहींत त्यांचें काय, याचें उत्तर तेथें मिळत नाहीं. अनुभवी शिक्षक नव्या वस्तूकडे संशयानें पाहातो, त्यांत हट्टापेक्षां सावधपणाच अधिक असतो. तासांतील दहा मिनिटें जर तारा जोडण्यांत गेलीं, तर बुडणारा पाठ त्याचा असतो, यंत्र विकणाराचा नव्हे.

मग हा संशय दूर कसा व्हावा? उपदेशानें नव्हे, पुराव्यानें. आणि तो पुरावाहि आपल्याच वर्गांतला हवा. कृतिसंशोधनाची कल्पना मुळांत हीच आहे. जर्मनींतून अमेरिकेंत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनीं १९४६ सालच्या एका निबंधांत तिची मांडणी केली. कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक-महाविद्यालयांतील स्टीफन कोरी यांनीं १९५३ सालीं ग्रंथ लिहून ती शाळांपर्यंत पोंचविली. आणि इंग्लंडांत लॉरेन्स स्टेनहाउस यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे असा आग्रह धरिला. या रीतीचें मर्म चार शब्दांत सांगतां येतें: योजना, कृति, निरीक्षण आणि चिंतन, आणि त्या चिंतनांतून पुन्हां नवी योजना. आमच्या शेतकऱ्यास हें निराळें शिकवावें लागत नाहीं. नवें बियाणें तो साऱ्या शेतांत एकदम पेरीत नाहीं. एका वाफ्यांत टाकून पाहातो, शेजारच्या वाफ्यांत जुनें ठेवितो, आणि कापणीनंतर काय तें ठरवितो.

एक उदाहरण घेऊं. समजा, नववीच्या दोन तुकड्यांस विज्ञान शिकविणाऱ्या एका बाईंस असें आढळलें कीं, अंतर्वक्र आरशाचा पाठ पडद्यावर दाखविला म्हणजे मुलें तल्लीन होतात, 'कळलें' म्हणतात, पण कागदावर किरणांची आकृति काढावयास सांगितली कीं गोंधळतात. आतां त्यांनीं स्वतःस एक लहानसा प्रश्न विचारावा: चित्रफीत सलग न दाखवितां तीन ठिकाणीं थांबविली, आणि प्रत्येक वेळीं पुढचा किरण कोठें जाईल हें मुलांस आधीं वहींत रेखावयास लाविलें, तर फरक पडेल काय? पाठापूर्वीं दोन्ही तुकड्यांस एकच छोटी चांचणी द्यावी. मग 'अ' तुकडींत चित्रफीत थांबवीत थांबवीत दाखवावी, 'ब' तुकडींत सलग. आठ दिवसांनीं, पूर्वसूचना न देतां, दोन्हीकडे एकच प्रश्न घालावा: वस्तु नाभी व आरसा यांच्यामध्यें ठेविली असतां प्रतिमा कोठें दिसेल, तें आकृतीनें दाखवा. बरोबर आकृत्या मोजाव्या. चुकलेल्या आकृत्यांत चूक कोणत्या पायरीवर झाली तें टिपावें. पुढच्या पाठाच्या वेळीं तुकड्यांची अदलाबदल करावी, म्हणजे कोणत्याहि तुकडीवर अन्याय होत नाहीं, आणि 'अ' तुकडी मुळांतच हुशार होती या शंकेसहि फारशी जागा उरत नाहीं. शेवटीं निष्कर्ष एका पानावर लिहून सहकाऱ्यांस वाचून दाखवावा.

या सर्वांस खर्च किती? एक वही, दोन-चार छोट्या चांचण्या आणि महिना-दीड महिन्याची चिकाटी. परंतु त्या अवधीनंतर बाईंच्या हातीं काय येतें तें पाहा. चित्रफीत चांगली कीं वाईट हा पोकळ वाद संपतो. ती कोठें थांबवावी हें कळतें. यंत्राची भीति जाते, कारण आतां यंत्र त्यांची परीक्षा पाहात नसून त्याच यंत्राची परीक्षा पाहात असतात. आणि निष्कर्ष असा निघाला कीं, पडद्यापेक्षां घरच्या चकचकीत चमच्यानें व मेणबत्तीनें मुलांस अधिक कळलें, तर त्या पाठापुरता पडदा बंद ठेवण्याचा अधिकार त्यांस असला पाहिजे. 'नको' म्हणण्याची मुभा ज्यांत नाहीं तें संशोधन नव्हे. ती नुसती जाहिरात होय.

हें परदेशी पंडितांचें खूळ आहे असें कोणीं समजूं नये. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेलें. इटलीच्या मारिया माँटेसरी यांचीं शिक्षणसाधनें उत्तम, परंतु महाग. आदिवासी पाड्यांवरील मुलांस तीं कोठून मिळणार? या दोघींनीं साधनामागचें तत्त्व तेवढें घेतलें आणि साधन बदललें. शिंपले, खडे, बिया, पानें हींच शिकविण्याचीं साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यांतूनच उभी राहिली. करून पाहाणें, निरखणें, न जमल्यास बदलणें, हीच ती रीति.

अलीकडचें उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतील. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांतील धड्यांस क्यूआर कोडची जोड दिली. मोबाईलनें तो टिपला म्हणजे त्या धड्याची ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडावी अशी योजना केली. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापून येऊं लागले. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालें, आणि १० लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें ठरविलें. त्या रकमेची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मतें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. यंत्र होतें तें पालकाच्या खिशांतला मोबाईल. त्याचा उपयोग आपल्या मुलांस कसा होईल, हा विचार मात्र एका खेड्यांतील शिक्षकाचा होता.

आपल्या अगदीं शेजारीं, वाशीची खाडी ओलांडतांच, मानखुर्द येथें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ सालीं स्थापन झालेल्या या केंद्रांतील संशोधकांनीं विज्ञानाच्या मराठी पाठांची भाषा सोपी करून पाहिली, आणि तेवढ्यानेंहि मुलांचें आकलन सुधारतें असें त्यांस आढळलें. अडचण उपकरणांचीच असावी असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. आमच्या नव्या मुंबईस तर याचें महत्त्व विशेषच आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व खाडीकांठच्या गांवांभोवतीं हें नगर वसलें. आज एकाच बाकावर आगरी-कोळी घरांतला मुलगा, सातारा-सांगलीकडून आलेल्या कुटुंबांतला मुलगा आणि केरळ किंवा उत्तर प्रदेशांतून आलेल्या घरचा मुलगा मांडीस मांडी लावून बसतो. अशा वर्गांत परकीय उच्चारांची इंग्रजी चित्रफीत लाविली आणि कोणास कांहीं उमगलें नाहीं, तर दोष पडद्याचा, भाषेचा कीं गतीचा? याचें उत्तर पडदा तयार करणारास देतां येणार नाहीं; तें त्या वर्गाच्या शिक्षकासच शोधावें लागेल.

या मतावर आक्षेप येतील, व त्यांतील कांहीं सयुक्तिक आहेत. पहिला असा कीं, अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीचीं व जनगणनेचीं कामें यांतून शिक्षकांस वेळ कोठें आहे? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, चालकांनीं पडद्याच्या किंमतीबरोबर वेळेचीहि तरतूद करावी. आठवड्यांतून एक मोकळा तास प्रत्येक शिक्षकास दिला, तर तो दहा नव्या यंत्रांहून अधिक फळ देईल. दुसरा आक्षेप असा कीं, कृतिसंशोधन तर बी.एड.च्या विद्यार्थ्यांसहि करावें लागतें, आणि पुष्कळदां त्याची एक बांधीव प्रत कपाटांत धूळ खात पडते. हेंहि खरें, पण तो दोष रीतीचा नसून सक्तीचा आहे. गुणांसाठीं विचारलेला प्रश्न आणि खरोखर छळणारा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचें अंतर असतें. तिसरा आक्षेप पालकांचा: आमच्या मुलांवर प्रयोग कां? त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, एखादें नवें साधन न तपासतां सर्व मुलांवर एकदम लादणें हाच खरा धोक्याचा प्रयोग होय. कारण त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. येथें हिशेब ठेविला जातो, अपाय दिसल्यास तत्काळ थांबतां येतें, आणि लाभ दिसल्यास तो दुसऱ्या तुकडीसहि मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, या कामीं तुमचाहि वाटा आहे. पडदा लावतांना गुरुजींचा हात अडखळला तर हंसूं नका. उठून तार जोडून द्या. 'कळलें कां?' असें विचारलें असतां नुसती मान डोलवूं नका. न कळलेलें न कळलें म्हणून सांगा, कारण तुमच्या त्या प्रामाणिक उत्तरावरच सारें संशोधन उभें आहे. आणि पालकहो, आपण पुढच्या खेपेस शाळेंत याल, तेव्हां 'पडदा आहे ना?' एवढ्यावर थांबूं नका. 'या वर्षीं आपल्या शिक्षकांनीं काय करून पाहिलें, काय साधलें, आणि काय सोडून दिलें?' असें विचारा. ज्या शाळेंत या प्रश्नाचें सरळ उत्तर मिळेल, तेथें भिंतीवर पडदा असो वा साधा काळा फळा असो, आपलें मूल योग्य हातीं आहे असें खुशाल समजावें.