बारावीनंतर परदेशी? आधी एक्सेल उघडा

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. (परळीवाले, शांत व्हा, तुमच्याकडे आधीपासून आहे, माहितीये.) परदेशी एमबीबीएसची पोस्टरं मात्र त्याच्या कितीतरी वर्षं आधी आली होती. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपिन्स... गावी गेलो की स्टँडपासून घरापर्यंत अर्धा जगाचा नकाशा पाठ होतो.

पुण्या-मुंबईत "पोरगं अंडरग्रॅडला बाहेर चाललंय" म्हटलं की डोळ्यासमोर अमेरिका येते, निबंध, सॅट, काउन्सेलर वगैरे. आमच्या केज-अंबाजोगाई भागात पदवीसाठी परदेशी जाणं म्हणजे नव्वद टक्के वेळा एमबीबीएसच (हा माझा अंदाज हां, कुठला सर्व्हे नाही). पोरगं दोन वर्षं लातूरला क्लास लावून नीट देतं, पात्र ठरतं, पण सरकारी कॉलेजपुरते मार्क पडत नाहीत. डीम्डची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. मग कोणीतरी सांगतं की देशाप्रमाणे २० ते ४५ लाखांत अख्खी डिग्री होते. आणि मग आमच्यासारख्याला फोन येतो, "तू आयटीत हायस, तुला समजतंय, बघ जरा." कोडिंगचा आणि किर्गिझस्तानचा काय संबंध हे विचारायची सोय नसते!

तर मी बघितलं. त्यातून झालेलं माझं मत आधीच सांगून टाकतो: कर्ज काढून पदवीसाठी परदेशी पाठवू नये. एमबीबीएसला तर नाहीच नाही. पैसे घरात असतील तर तुमची मर्जी.

पोस्टरवरची पहिली ओळ असते "एनएमसी मान्यताप्राप्त". नॅशनल मेडिकल कमिशन परदेशी कॉलेजांना मान्यता देतच नाही, तशी यादीच ते काढत नाहीत. २०२१ च्या नियमांत फक्त अटी आहेत. नीट पात्रता हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं, कोर्स किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याजोगी डिग्री. यातली एक अट हुकली तर भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी नाही, आणि ती हुकली हे सहा वर्षांनी कळतं. तपासायची जबाबदारी कोणाची? विद्यार्थ्याची. म्हणजे पर्यायाने त्या बापाची, जो सही करताना इंग्रजी करारनामा उलटासुलटा धरतो.

परत आल्यावर एफएमजीई. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, वर्षातून दोनदा. जून २०२४ ला पास झाले साधारण २१ टक्के, डिसेंबर २०२४ ला साधारण २९. पोरं ढ असतात असं अजिबात नाही. अनोळखी भाषेतले पेशंट, हाताखालून पुरेशा केसेस न जाणं, आणि सहा वर्षांनी पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीपासून सगळं परत, हे सोपं नसतं. युद्धाचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून ऑपरेशन गंगात हजारो पोरं परत आली, त्यात मराठवाड्यातलीही होती. विमान सरकारने पाठवलं, फीचे हप्ते मात्र आईबापांच्याच नावावर राहिले.

आता हिशोब. समजा खर्च ३० लाख, वर्षाला ५ असे सहा वर्षं, सगळं कर्ज, व्याज साडेदहा टक्के. बँकेचा नेहमीचा नियम असा की कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज (सरळ व्याज का होईना) चढत राहतं. सातव्या वर्षाच्या शेवटी आकडा होतो साधारण ४४ लाख. पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ४९ हजारांच्या आसपास. बरं, हा हप्ता सुरू कधी होतो? कोर्स संपल्यावर वर्षाने. त्या वर्षात काय काय व्हायला हवं? एफएमजीई द्यायची, निकाल, नोंदणी आणि भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप. पहिल्या झटक्यात पास झालं तरी हे सगळं एका वर्षात बसत नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं, काहीही बिघडलं नाही, तरीही हप्ता पगाराच्या आधी येतो. आयटीच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, डिझाइनच असं आहे.

बीडला कर्ज नवं नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर कोयता चालवून फेडतात. ती व्यवस्था क्रूर आहे याबद्दल दुमत नाही. पण तिथे निदान उचल घेतल्यावर काम ठरलेलं असतं. इथे तेही नाही.

तारणाची अजून वेगळी गंमत. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आपल्याकडे काय असतं? जमीन. आणि बहुतेक बँकांना शेतजमीन नको असते. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्या कायद्याच्या बाहेर ठेवलीये, बँकेला ती झटपट जप्त करून विकता येत नाही. शेतकऱ्याच्या बचावासाठीच आहे ते, चांगलंच आहे. पण परिणाम असा की पाच एकरवाल्याला बँक "प्लॉट आहे का, फ्लॅट आहे का" विचारते, आणि तो एक तर खाजगी सावकाराकडे जातो नाहीतर जमीन विकतो.

सरकार काय करतं? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. उत्तम योजना आहेत. पण दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. मला हे धोरण पटतं, कारण बावीस वर्षांच्या पोराला आपण काय शिकतोय हे कळतं आणि कोर्सही एक-दोन वर्षांचा असतो. ज्याला खरंच बाहेर जायचंय त्याने पदवी इथे करावी आणि मग जावं, हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. फक्त तो कोणी पोस्टरवर लावत नाही, कारण त्यात कोणाला कमिशन नाही.

इंजिनिअरिंग-सायन्सवाल्यांसाठी मधला एक रस्ता आहे, जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य सेमिस्टरला १५०० युरो घेतं, म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटीही आता फी घेते). पण नुसत्या बारावीवर थेट घेत नाहीत. इथे पदवीचं पहिलं वर्ष पास व्हा, किंवा जेईई ॲडव्हान्स्डमध्ये पात्र ठरा, किंवा तिथे जाऊन स्टुडिएनकोलेग नावाचं पूर्ववर्ष करा. एपीएस प्रमाणपत्र लागतं. बॅचलरचे बरेच कोर्स जर्मनमधून असतात, तेव्हा भाषा आधी. आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. फुकट शिक्षण, पण दारात बारा लाख. तरी ते पैसे आपलेच असतात, दर महिन्याला परत मिळतात राहायला-खायला. ४४ लाखांपेक्षा हे कधीही बरं.

अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी पोरांचाही अर्ज पैशाकडे न बघता तपासतात आणि घेतलं तर गरजेएवढी पूर्ण मदत देतात. जमलं तर जवळपास फुकट. पण एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शेकडा २ च्या आसपासच घेतात. अर्जाची फी माफ करून मिळते, तेव्हा हुशार पोराने जरूर टाकावा. अडतं कुठे, तर शिक्षकांच्या शिफारसपत्रात. आमची पोरं नाव एका ज्युनिअर कॉलेजात घालतात आणि बसतात लातूरच्या क्लासमध्ये. त्या कॉलेजातल्या सरांनी पोराला प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच पाहिलेलं असतं. ते काय लिहिणार, "मुलगा सालस आहे"? आणि घरची परिस्थिती दाखवायला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, ज्यावरचा आकडा आणि कर्जासाठी बँकेला सांगितलेला आकडा एकमेकांना ओळखतही नाहीत :)

राहता राहिला तुमचा-माझा प्रश्न. गावाकडून जामीनदार नाहीतर सहअर्जदार व्हायला बोलावणं येतं, आणि चुलत्याला नाही म्हणणं अवघड असतं. मी नाही म्हणालो. काकांनी दोन महिने फोन केला नाही, काकूंचं अजूनही तुटक बोलणं असतं. सहअर्जदार झालात की ते कर्ज तुमच्या सिबिलवर दिसतं, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक ते धरून तुमची पात्रता मोजते. आणि आयकरात ८०ई ची व्याजावरची सूट मिळेल असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, ती फक्त जुन्या कररचनेत, आणि स्वतः, जोडीदार, मुलं किंवा ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात अशा विद्यार्थ्यासाठी घेतलेल्या कर्जावरच. चुलतभाऊ त्यात बसत नाही.