हृदयाचे दुखणे आणि घरातील दोन पातेली

माझ्या काकांच्या छातीत दुखू लागले ते रात्री नऊच्या सुमारास. ‘पित्त झाले असेल’ म्हणून त्यांनी सोडा घेतला, काकूंनी ओवा दिला आणि सारे घर झोपी गेले. पहाटे घामाने अंथरूण भिजले, तेव्हा कुठे रिक्षासाठी धावाधाव झाली. काका वाचले; पण त्या सात-आठ तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला तो मेलाच. आज ते जिना चढताना मध्येच थांबतात.

हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्या पलीकडचा स्नायू तासागणिक मरत जातो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, खरा उपयोग पहिल्या काही तासांतच. याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढचा.

स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाला वाटते, नळ साफ झाला! काकांनाही तसेच वाटले. पण स्टेंट उघडतो तो वाहिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. रोग मात्र सगळ्या वाहिन्यांत पसरलेला असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दुखणे स्थिर असलेल्या २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टीही केली होती. तेवढ्याने त्यांच्यातील मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. यावरून कोणी ‘अँजिओप्लास्टी म्हणजे थोतांड’ असे म्हणेल तर तोही चुकेल, कारण ऐन झटक्यात तीच जीव वाचविते. उलट फ्रान्समधील लियाँ येथे, एकदा झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतील ज्यांनी औषधोपचारासोबत भाज्या, फळे, डाळी वाढवून लोणी-मांस कमी केले, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

म्हणजे पथ्य हा उपचारच आहे. आमच्याकडे मात्र पहिल्या उपचारासाठी कर्ज काढतात आणि दुसरा काकूंच्या गळ्यात टाकतात. काकूंनी निमूटपणे दोन पातेली चढवायला सुरुवात केली. काकांसाठी बिनतेलाची आमटी, इतरांसाठी तर्रीदार रस्सा. काकांचे डोळे दुसऱ्या पातेल्यावर. तीन आठवड्यांत पथ्य संपले!

माझे स्पष्ट मत असे की पातेले एकच हवे. भाकरी, डाळ, पालेभाजी, बेताचे तेल-मीठ यांत गरिबाला न परवडणारे काय आहे? आणि हे केवळ काकांपुरते नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली, त्याचा वृत्तान्त १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. तरीही शंभरातील ७७ जणांच्या वाहिन्यांत या रोगाच्या खुणा होत्या. बावीस म्हणजे आपलेच वय. (हे लिहिताना माझ्यापुढे कँटीनचा वडा आहे, हेही कबूल करतो. तो कितव्यांदा तापविलेल्या तेलात तळला आहे, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.)

गेल्या दिवाळीपासून काकूंच्या शेगडीवर एकच पातेले असते. चुलतभाऊ अजून कुरकुरतो. काकू म्हणतात, “नको असेल तर स्वतः करून घे.” अद्याप त्याने केलेले नाही.