स्लाइड ताणून नोट्स होत नाहीत

परीक्षेच्या आदल्या दिवशी अंधेरी काय नि मुलुंड काय, स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक चेहरा हमखास दिसतो. सरांचं पीपीटी वर्डमध्ये घेऊन एकेक स्लाइड माउसने ओढून मोठी करणारा. तुम्हीही केलं असेल.

पॉवरपॉइंटमध्ये एक्स्पोर्टमधून ‘क्रिएट हँडआउट्स’ दाबलं की वर्डमध्ये स्लाइडचं छोटंसं चित्र येतं. म्हणून ही ओढाओढ. पण जरा गणित बघा. २०१३च्या आवृत्तीपासून नवी स्लाइड मुळात १३.३३ इंच रुंद असते. ए-फोर पान ८.२७ इंच, दोन्हीकडे इंचभर मार्जिन सोडलं की उरतात सव्वासहा. म्हणजे पानभर ताणलीत तरी २४ पॉइंटचं अक्षर ११वर येतं. तीन इंचांत ठेवलीत तर साडेपाचच्याही खाली. ते बोरिवली लोकलमध्ये उभ्याने वाचून दाखवा! बरं, पानभर ताणली की झेरॉक्सचं बिल वाढलंच.

माझं म्हणणं, चित्र ताणूच नका, मजकूर बाहेर काढा. त्याच खिडकीत ‘आउटलाइन ओन्ली’ आहे. नुसती अक्षरं वर्डमध्ये येतात, साइज मग तुम्ही ठरवा. आलेख, नकाशे तेवढे वेगळे घ्या आणि कोपऱ्याला धरूनच मोठे करा, नाहीतर चेपतात.

फक्त एक गोची आहे. स्लाइडवर वेगळा टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेलं आउटलाइनमध्ये येतच नाही. लेआउटच्या तयार चौकटींतलंच येतं. तेव्हा सर-मॅडम, तुम्हीही वाचत असाल तर, प्लीज त्या चौकटींतच लिहा. आणि ग्रुपवर पीडीएफऐवजी मूळ फाइल टाका.